अनाथ आणि पोरका : दोन शब्दांचा इतिहास

पांढुर्णा आणि सौंसर यांच्या दरम्यानच्या एका खेड्यात माझे बालपण गेले. गोष्ट १९६२-६३ च्या सुमाराची असावी. आमच्या वर्गातील एका मुलीचे आई-वडील वर्षभराच्या अंतराने वारले आणि ती आपल्या आजीकडे राहू लागली. गावात तिचा उल्लेख ‘पोरकी’ असाच होई आणि त्या शब्दाला कोणाची हरकत नव्हती. आजी स्वतःही ‘माही पोरकी नात’ असेच म्हणत असे. पुढे मिडल शाळेत नाव घालताना फी-माफीचा अर्ज भरण्याची वेळ आली. अर्ज हिंदीत छापलेला होता. गुरुजींनी त्यावर ‘अनाथ’ असा शेरा लिहिला आणि अंगठा घेण्यापूर्वी तो आजीला वाचून दाखविला. शाई लावलेला हात आजीने मागे घेतला. “आनाथ काहून लिवता, गुरुजी? मी जिती हाओ ना अजून!” गुरुजी क्षणभर थांबले. तो शब्द खोडला असता तर माफी गेली असती. त्यांनी शब्द तसाच ठेवला, पालकाच्या रकान्यात आजीचे नाव ठळक अक्षरांत लिहिले आणि तेही वाचून दाखविले. मग अंगठा उठला.

त्या वेळी आम्हा मुलांना या प्रसंगाचे हसू आले होते. ‘पोरकी’ चालते, मग ‘अनाथ’ का चालत नाही? दोन्हींचा अर्थ एकच ना? आज इतक्या वर्षांनी वाटते की त्या निरक्षर वृद्धेला शब्दांतील जो भेद कळला होता, तो पुष्कळ कोशांतून आणि कायद्यांतूनही स्पष्ट झालेला नाही. वाचनालयाच्या शताब्दी-स्मरणिकेसाठी लिहिताना या भेदाचाच थोडा मागोवा घ्यावा असे ठरविले. हा मागोवा शब्दांचा असला तरी त्यातून आपल्या भागाचा आणि आपल्या भाषेचाही एक प्रश्न उभा राहतो, हे वाचकांच्या ध्यानात येईलच.

प्रथम ‘अनाथ’ हा शब्द घेऊ. ज्याला नाथ नाही तो अनाथ, इतकी त्याची फोड सरळ आहे. ‘नाथ’ शब्दाच्या मुळाशी असलेल्या ‘नाथ्’ धातूचे प्राचीन वैयाकरणांनी चार अर्थ दिले आहेत : याचना, पीडा, ऐश्वर्य आणि आशीर्वाद. मागणाऱ्याचे दुःख आणि देणाऱ्याचे सामर्थ्य ही दोन्ही एकाच धातूच्या पोटात नांदावीत, हे विलक्षण आहे. संकटात ज्याच्याकडे मागावे आणि ज्याने द्यावे, तो नाथ. या शब्दात आईचा उल्लेख नाही, बापाचाही नाही. रक्ताचे नाते त्यात अभिप्रेतच नाही. म्हणून संस्कृतात पती नसलेली स्त्री अनाथ, राजा नसलेली प्रजा अनाथ, आणि भगवंत हा अनाथांचा नाथ. श्रावस्तीच्या सुदत्त नावाच्या श्रेष्ठीला बौद्ध वाङ्मयात ‘अनाथपिंडिक’ हे बिरूद मिळाले, तेही निराधारांना घास देणारा म्हणून. त्यात केवळ आई-बाप नसलेली मुलेच होती असे नव्हे.

या अर्थाची कसोटी पाहणारी एक कथा जैनांच्या उत्तराध्ययन सूत्रात आहे. मगधाचा राजा श्रेणिक उद्यानात एका तरुण मुनीला पाहतो आणि ऐन तारुण्यात संसार का सोडला, असे विचारतो. “मी अनाथ होतो,” असे मुनी सांगतो. राजाला हसू येते. तो म्हणतो, “मग मी तुझा नाथ होतो.” त्यावर मुनी शांतपणे उत्तर देतो, “राजा, तू स्वतःच अनाथ आहेस. दुसऱ्याचा नाथ कसा होशील?” पुढे तो आपली हकीकत सांगतो. घर श्रीमंत होते, आई-वडील, भाऊ, पत्नी सर्व होते. परंतु डोळ्यांची असह्य वेदना उठली तेव्हा त्यांतील कोणालाही ती दूर करता आली नाही. आई-बाप हयात असूनही माणूस अनाथ असू शकतो, हा त्या कथेतील विचार. कथेचा रोख अर्थातच वैराग्याकडे आहे. परंतु शब्दाचा मूळ व्याप त्यातून स्वच्छ दिसतो.

‘पोरका’ या शब्दाचा स्वभाव अगदी वेगळा. हा घरगुती मराठी शब्द आहे. तो संस्थेच्या पाटीवर क्वचितच दिसतो. ओसरीवर आणि पाणवठ्यावर मात्र ऐकू येतो. आई किंवा बाप यांपैकी एक जरी गेले तरी मूल पोरके होते. आजी, मावशी, काका कितीही मायेने पाहत असले तरी ते पोरकेच राहते. ‘माय मरो पण मावशी जगो’ ही म्हण मावशीचे मोल सांगते, पण आई गेल्याचे नाकारीत नाही. म्हणजे ‘पोरका’ हा शब्द काय गेले ते सांगतो आणि ‘अनाथ’ हा शब्द कोण उभे नाही ते सांगतो. पहिल्या शब्दातील उणीव भरून निघणारी नसते. दुसऱ्यातील उणीव कोणीही भल्या माणसाने पुढे येऊन भरून काढावी अशी असते. पोरकेपण हे दुःख आहे. अनाथपण हा समाजाच्या वागणुकीचा निकाल आहे. आजीने हात मागे घेतला तो याच कारणाने. नात पोरकी आहे हे तिला मान्य होते, परंतु ‘अनाथ’ या शब्दाने तिचे स्वतःचेच अस्तित्व पुसले जात होते.

मराठी साहित्याच्या आरंभकाळातच चार पोरकी भावंडे भेटतात. संन्याशाची मुले म्हणून वाळीत पडलेली निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता. परंपरेनुसार त्यांच्या आई-वडिलांनी देहत्यागाचे प्रायश्चित्त घेतले. परंतु थोरल्या निवृत्तीला गहिनीनाथांचा अनुग्रह होता आणि धाकट्यांना निवृत्तीचा आधार होता. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली ती पोरक्या मुलाच्या हातून, पण अनाथ मुलाच्या हातून नव्हे. पैठणच्या एकनाथांचेही तसेच. आई-वडील लहानपणीच गेले आणि आजोबा चक्रपाणी यांनी नातवाला वाढविले. नावातच नाथ असलेले हे दोन संत पोरकेपण आणि अनाथपण यांतील भेदाची उत्तम उदाहरणे आहेत.

हे झाले आपल्या घरातील शब्द. शेजारच्या भाषांतून आलेल्या शब्दांकडेही पाहिले पाहिजे, कारण आपल्या भागात मराठी, हिंदी, गोंडी, पवारी आणि उर्दू या बोली एकाच बाजारात फिरतात. अरबीतून आलेला ‘यतीम’ हा शब्द शास्त्राप्रमाणे बाप गेलेल्या अजाण मुलाला लागतो. त्याच शब्दाला एकुलता, अद्वितीय अशीही छटा आहे, म्हणून शिंपल्यातील एकट्या टपोऱ्या मोत्याला ‘दुर्र-ए-यतीम’ म्हणतात. इंग्रजीतील ‘ऑर्फन’ शब्दाचे मूळ ग्रीक आहे, आणि भाषाशास्त्रज्ञ त्याचे नाते आपल्या ‘अर्भ’, ‘अर्भक’ या शब्दांशी जोडतात. त्याच कुळातून जर्मन भाषेत वारसा या अर्थाचा शब्द निघाला. अर्भक, पोरकेपण आणि वारसा ही तिन्ही एका मुळाशी यावीत हे नवल नव्हे. आई-बाप गेले की पहिला प्रश्न मुलाचा आणि लगेच दुसरा प्रश्न मालमत्तेचा, हा मानवी व्यवहार फार जुना आहे. आपला ‘बेवारस’ हा शब्द या दुसऱ्या प्रश्नातून आला. तो खरे म्हणजे मालाचा शब्द आहे. फलाटावरचे गाठोडे बेवारस असते, भटकी गाय बेवारस असते. उकिरड्यावर सापडलेल्या नवजात मुलालाही आपण तोच शब्द लावतो, तेव्हा त्याला नकळत वस्तूंच्या रांगेत बसवितो.

मालमत्ता असली म्हणजे शब्द कसा बदलतो, हे आपल्या भागाच्या इतिहासात दोनदा दिसून आले. पांढुर्णा-सौंसरचा हा मुलूख देवगडच्या गोंड राजांकडून नागपूरच्या भोसल्यांकडे आला होता. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले. राण्यांनी घेतलेला दत्तक कंपनी सरकारने राज्याचा वारस म्हणून मानला नाही आणि राज्य खालसा केले. घरात माणसे होती, दत्तक मुलगा होता, प्रजा होती. तरी एक राज्य कागदावर बेवारस ठरविण्यात आले. वारस नाही असे ठरविण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्याच्याच हाती माल, हा धडा नागपूरच्या मुलखाने तेव्हा घेतला.

दुसरा प्रसंग मालगुजारीच्या काळातला. १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण झाला आणि १८९९ मध्ये या प्रांतासाठी ‘कोर्ट ऑफ वॉर्ड्‌स’चा कायदा आला. मालगुजाराचा अज्ञान मुलगा मागे राहिला, तर त्याची इस्टेट सरकारी देखरेखीखाली घेता येई आणि त्याच्या शिक्षणाचीही व्यवस्था लावली जाई. अशा मुलाला कोणी अनाथ म्हणत नसे. तो ‘पाल्य’ असे. त्याच सुमारास, १८९६-९७ आणि १८९९-१९०० या वर्षांत, मध्यप्रांतावर दोन भीषण दुष्काळ कोसळले. रस्त्याकडेला आणि मदतकेंद्रांत एकट्या सापडलेल्या मजुरांच्या मुलांची नोंद मात्र ‘अनाथ’ अशी झाली. दोघांचेही आई-बाप गेलेले, दोघेही अज्ञान. पण एकाच्या नावावर गावे होती आणि दुसऱ्याच्या नावावर काही नव्हते. एकाच प्रांतात, एकाच दशकात, एकाच दुःखाला दोन शब्द मिळाले. तेव्हापासून आपल्या कानांत ‘अनाथ’ या शब्दाला दारिद्र्याचा वास चिकटला, तो अजून गेलेला नाही.

दुष्काळातील मुलांच्या प्रश्नाने मध्यप्रांताचा पुण्याशीही संबंध आला. पंडिता रमाबाईंनी १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यातील दुष्काळात आपले आई-वडील गमावले होते. १८९६-९७ च्या दुष्काळाची वार्ता कानी येताच त्या मध्यप्रांतात आल्या आणि शेकडो निराधार मुली व स्त्रियांना पुण्याकडे घेऊन गेल्या. केडगावच्या मुक्तिसदनाचा विस्तार त्यातूनच झाला. या कामाभोवती पुढे धर्मांतराचा मोठा वाद माजला. ख्रिस्ती मिशनची अनाथगृहे, आर्यसमाजाची अनाथालये, नागपुरात स्वामी श्रद्धानंदांच्या नावाने उभे राहिलेले अनाथालय, अशा संस्था ठिकठिकाणी निघाल्या. नाथ नाही म्हणून जी मुले रस्त्यावर होती, त्यांचे नाथ होण्यासाठी आता चढाओढ सुरू झाली. या चढाओढीत हेवादावा होता हे खरे. परंतु तिच्यामुळे हजारो मुले जगली, हेही तितकेच खरे आहे.

महाराष्ट्रातील या संस्थांच्या नावांकडे थोडे लक्ष दिल्यास शब्दाचा प्रवास डोळ्यांपुढे येतो. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. त्या नावात ‘अनाथ’ हा शब्द नाही, कारण तेथील मुलांच्या माता जिवंत होत्या. नव्हती ती समाजाची मान्यता. अशाच एका विधवेच्या मुलाला, यशवंताला, फुले दांपत्याने दत्तक घेतले. १८७५ मध्ये पंढरपूर येथे लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने आणि प्रार्थना समाजाच्या आश्रयाने बालकाश्रम निघाला. पुढे तो नवरंगे बालकाश्रम म्हणून ओळखला गेला. यात्रेच्या गावी टाकून दिलेल्या मुलांना त्याने थारा दिला. १८९६ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी स्थापन केलेल्या संस्थेचे नाव होते ‘अनाथ बालिकाश्रम मंडळी’, आणि तिचा मुख्य हेतू विधवांना आश्रय व शिक्षण देण्याचा होता. आजच्या वाचकाला हे नाव बुचकळ्यात टाकते. परंतु पती हाच नाथ मानणाऱ्या त्या काळात, माहेरी आई-बाप असलेली बालविधवासुद्धा अनाथच होती. १९०० मध्ये संस्था हिंगण्याला गेली, वाढली, आणि आज ती महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था या नावाने चालते. १९०९ मध्ये निघालेले पुण्याचे ‘अनाथ विद्यार्थी गृह’ हेही पुढे ‘पुणे विद्यार्थी गृह’ झाले. शब्द गळाला आणि काम राहिले. विद्यार्थ्याच्या प्रमाणपत्रावर जन्मभर ‘अनाथ’ हा शिक्का राहू नये, ही भावना नव्या नावांतून आपोआप जपली गेली आहे.

येथे एका कायद्याचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही, कारण त्याची माहिती अनेक सुशिक्षितांनाही नसते. आपल्याकडे दत्तकाची परंपरा एवढी जुनी, तर मग पोरक्या मुलांचा प्रश्न कधीच सुटायला हवा होता, असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात जुन्या हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे, रूढीचे काही अपवाद वगळता, ज्याचे आई-बाप दोघेही वारले आहेत अशा मुलास दत्तक घेताच येत नसे! दत्तक हे दान, आणि दान करण्याचा अधिकार फक्त आई-बापांना. देणारेच उरले नाहीत, तर घेणाऱ्याने घ्यावे कोणाकडून? ज्याला घराची सर्वांत अधिक गरज, त्याच्यासाठीच ते दार बंद. पिंडदान करणारा पुत्र हवा म्हणून ती व्यवस्था निर्माण झाली होती. मुलाला पालक हवा म्हणून नव्हे. डिसेंबर १९५६ मध्ये हिंदू दत्तक आणि निर्वाह कायदा लागू झाला, तेव्हा आई-बाप मृत असल्यास न्यायालयाच्या परवानगीने पालकाला मूल दत्तक देता येऊ लागले. ज्यांच्या आई-बापांचा पत्ताच नाही किंवा ज्यांना टाकून दिले आहे, अशा मुलांसाठी १९६२ पर्यंत थांबावे लागले. आमच्या शाळेतील त्या मुलीचा अर्ज भरला गेला तेव्हा ही दुरुस्ती नुकतीच झाली होती.

१९५६ हे साल आले म्हणजे आपल्या भागात दुसरीच आठवण निघते. त्या वर्षी १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली. तोवर नागपूर ही आपल्या प्रांताची राजधानी होती. आपले हे वाचनालय निघाले तेव्हाही होती. कचेरी, महाविद्यालय, रुग्णालय, वर्तमानपत्र आणि सोयरीक या सर्वांसाठी येथला माणूस नागपुरासच जाई. पुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. सीमा ठरविताना सर्वसाधारणपणे जिल्हा हा एकक धरला गेला, आणि सौंसर-पांढुर्ण्याचा मराठी भाग छिंदवाडा जिल्ह्यात असल्यामुळे तो जिल्ह्याबरोबर मध्य प्रदेशात राहिला. राजधानी भोपाळला गेली. सोयरीक मात्र वरुड, काटोल, सावनेर, नागपूर अशीच चालू राहिली. तेव्हापासून भाषणांत आणि लेखांत एक वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येते : येथील मराठी पोरकी झाली. काही वक्ते त्याहून पुढे जाऊन तिला ‘अनाथ’ म्हणतात.

मीही तरुणपणी असेच बोलत असे. घरी मराठी आणि शाळेत हिंदी, पोथी मराठी आणि अर्ज हिंदी, अशा दुहेरी व्यवहारात आमची पिढी वाढली. शुद्धलेखन चुकले की नागपूरचे पाहुणे हसत आणि उच्चार मराठी आले की हिंदीचे गुरुजी हसत. त्या दुःखाला ‘पोरकेपण’ म्हणणे वावगे नाही. काहीतरी गेले होते, आणि जे गेले ते परत येणारे नव्हते. पण ‘अनाथ’ हा शब्द मात्र आता मला त्या आजीप्रमाणेच खटकतो. भाषेचा नाथ कोण? सरकार हाच तिचा नाथ असता, तर फारसीचा दरबारी अंमल असलेल्या शतकांत मराठी केव्हाच संपली असती. ती टिकली वारीच्या वाटेवर, जात्यावर आणि कीर्तनात. राजाश्रय नसलेल्या भाषेलाही लोकाश्रय असला तर ती पोरकी असेल, अनाथ नसते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला, त्याचा आनंद येथेही झाला. त्याआधी वर्षभर, ऑक्टोबर २०२३ मध्ये, पांढुर्णा आणि सौंसर या तहसिलींचा मिळून वेगळा पांढुर्णा जिल्हा अस्तित्वात आला. कचेरी जवळ आली. पण दर्जा आणि जिल्हा यांनी भाषेला नाथ मिळत नाही. तो मिळतो घरात मुलाला गोष्ट वाचून दाखविणाऱ्या माणसाकडून.

याचा अर्थ ‘अनाथ’ हा शब्दच टाकून द्यावा असा मात्र नव्हे. गुरुजींनी तो खोडला नाही, हे विसरून चालणार नाही. शब्द लागला की शिक्का बसतो, आणि शब्द नसला की हक्क बुडतो, असा हा पेच आहे. २०१५ च्या बालन्याय कायद्यात अनाथ मुलाची व्याख्या आहे. जन्मदाते किंवा दत्तक आई-बाप वा कायदेशीर पालक नसलेले मूल हा तिचा पहिला भाग. कायदेशीर पालक आहे, परंतु मुलाचा सांभाळ करण्यास तो राजी नाही किंवा समर्थ नाही, तर ते मूलही अनाथ, हा दुसरा भाग. म्हणजे फिरून फिरून कायदा ‘नाथ’ या शब्दाच्या मूळ अर्थापाशीच आला. कोण मेले एवढेच तो विचारीत नाही. कोण उभे आहे आणि त्याच्यात बळ किती, हेही विचारतो. २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने अनाथांसाठी एक टक्का समांतर आरक्षणाचा निर्णय घेतला. २०२१ च्या कोरोना साथीत आई-बाप गमावलेल्या मुलांसाठी मध्य प्रदेश सरकारने दरमहा ५,००० रुपयांची बाल सेवा योजना आणली. २०२२ च्या बाल आशीर्वाद योजनेत संस्थांतून बाहेर पडणाऱ्या तरुणांचा आणि नातेवाइकांकडे वाढणाऱ्या मुलांचाही विचार आहे. यांतील शेवटची तरतूद मला फार मोलाची वाटते. आजीजवळ राहणाऱ्या नातीला मदत मिळावी म्हणून आजी नाही असे लिहावे लागू नये. आजी आहे, पण तिचे हात थकले आहेत, एवढे कागदाला कळले म्हणजे पुरे. मात्र सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे एकाच घराण्यातील दोन मुलांना दोन वेगळे नियम लागतात, दोन वेगळे दाखले काढावे लागतात. अशा वेळी योग्य अर्ज योग्य भाषेत भरून देणारा एक जाणता माणूस हाच त्या मुलाचा पहिला नाथ ठरतो.

विदर्भाने अशी माणसे पाहिली आहेत. वर्धा जिल्ह्यात जन्मलेल्या सिंधुताई सपकाळ यांना, स्वतः घराबाहेर काढल्या गेलेल्या असताना, लोकांनी ‘अनाथांची माय’ हे नाव दिले. त्यांना २०२१ ची पद्मश्री जाहीर झाली आणि ४ जानेवारी २०२२ रोजी त्या गेल्या. लोकांनी येथे ‘नाथ’ शब्दाच्या जागी ‘माय’ शब्द ठेवला, हे लक्षणीय आहे. तसेच अमरावती जिल्ह्यात परतवाड्याजवळ वज्झर येथे, शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांचे घर चालविले आणि त्या मुलांना आपले आडनाव दिले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. अठरा वर्षे पूर्ण होताच मुलाने संस्था सोडावी या नियमावर त्यांचा प्रश्न साधा आहे : जे मूल बोलू शकत नाही, चालू शकत नाही, त्याने त्या दिवशी जावे कोठे? आडनाव देणे ही लहान गोष्ट वाटते. परंतु ज्याच्या दाखल्यावर वडिलांच्या नावाचा रकाना कोरा असतो, त्याला तिची किंमत विचारावी.

शेवटी एक गोष्ट खास ग्रंथप्रेमी वाचकांसाठी. ज्यांच्या लेखकाचा किंवा हक्कधारकाचा पत्ता लागत नाही अशा पुस्तकांना पाश्चात्त्य ग्रंथपाल ‘अनाथ ग्रंथ’ म्हणतात. युरोपीय संघाने २०१२ मध्ये त्यांच्यासाठी नियम केले. आपल्याकडील १९५७ च्या लेखाधिकार कायद्यातील ३१-अ हे कलमही अशा ग्रंथांच्या प्रकाशनासाठी परवान्याची वाट दाखविते. लेखक गेला, प्रकाशन संस्था बंद पडली, वारसांचा ठाव नाही. पुस्तक पुन्हा छापता येत नाही आणि हातची प्रत दर पावसाळ्यात थोडी थोडी विरत जाते. कोणत्याही जुन्या वाचनालयाच्या मागच्या कपाटांत अशी पुस्तके असतात, तशी ती आपल्याकडेही आहेत. ती पोरकी आहेत, यात शंका नाही. पण ज्या पुस्तकावर वाचनालयाचा शिक्का आहे, ज्याला नोंदवहीत क्रमांक आहे आणि ज्याच्या मागच्या पानावर वाचक सभासदाची तारीख पडते, ते अनाथ नाही. तारीख पडायची थांबली म्हणजे ते अनाथ होते.

शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी हे वाचनालय काढले त्यांनी अशाच पुस्तकांचे, आणि पुस्तकांबरोबर एका भाषेचे, पालकत्व पत्करले. त्यांना राजधानी बदलणार हे ठाऊक नव्हते. पुढची शंभर वर्षे काय आणतील हे आपल्यालाही ठाऊक नाही. सभासदांस माझी एवढीच विनंती आहे. महिन्यातून एकदा तरी मागच्या कपाटातले एखादे पुस्तक घरी न्यावे आणि ते नातवंडाला वाचून दाखवावे. आणि आपल्या वस्तीत आजीजवळ, मामाजवळ वाढणारे एखादे पोरके मूल असेल, तर त्याचा अर्ज भरून द्यावा. पालकाच्या रकान्यात जे नाव असेल ते ठळक लिहावे आणि वाचून दाखवावे. आमच्या गुरुजींनी तेवढेच केले होते. त्या अर्जावर शिकलेली ती मुलगी पुढे स्वतः शिक्षिका झाली, आणि निवृत्त होईपर्यंत वर्गातील मुलांची नावे नोंदविताना ती आधी एवढेच विचारीत असे : “घरी कोण आहे तुझ्या?”